फुकटच्या फॉन्टमागची दोनशे वर्षं

आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावर आहे. गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, "ग्राफिक किंवा वेब डिझाइन शिकायला सुरुवात करतोय, काय काय लागेल?" याची यादी शोधली तर पाच मिनिटांत मिळते. फिग्मा, इंकस्केप, गिंप, रंग निवडायच्या साइट्स, फुकट फोटोंच्या साइट्स, आयकॉनचे संच. यादी चुकीची नाही. पण ती इंग्रजीत काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्यात एक वस्तू गृहीत धरलेली असते: अक्षर. इंग्रजी डिझायनरला अक्षर नळाच्या पाण्यासारखं मिळतं. मराठी डिझायनरला ते तसं मिळायला लागून जेमतेम दहा-बारा वर्षं झालीत.

मी स्वतः डिझायनर नाही. मी कोड लिहितो, आणि डिझायनरने दिलेल्या फाइलवरून वेबपेज उभं करतो. म्हणजे अक्षर कुठे तुटतं, मात्रा कुठे कापली जाते, हे मला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात ठळक दिसतं. त्यामुळे आज यादी नंतर बघू. आधी त्या यादीतल्या पहिल्या अवजाराचा, म्हणजे देवनागरी फॉन्टचा, इतिहास.

सुरुवात बंगालमध्ये होते. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचा छापखाना होता, आणि तिथे पंचानन कर्मकार नावाचा अत्यंत कुशल कारागीर अक्षरांचे ठसे कोरायचा. कॅरीला मराठी शिकवायला नागपूरचे पंडित वैजनाथ शर्मा होते. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण छापून आलं, ते देवनागरीत. आणि १८१० मध्ये त्याचा मराठी कोश आला, तो मोडीत! कारण तेव्हा मराठी माणूस रोजच्या व्यवहारात मोडी लिहीत होता. म्हणजे मराठी कुठल्या लिपीत छापायची, हाच मुळात उघडा प्रश्न होता, आणि छापणाऱ्याने दोन्ही करून बघितलं. पुढे छपाईत देवनागरी टिकली आणि मोडी मागे पडली.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी वेगळी वाट काढली. त्यांनी १८३१ मध्ये पंचांग छापलं, ते शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे दगडावर खास शाईने लिहायचं आणि त्यावरून प्रती काढायच्या. यात खिळे लागत नाहीत, हाताचं वळण जसंच्या तसं उतरतं. पण प्रत्येक पान नव्याने लिहावं लागतं. खिळ्यांचं उलट आहे. एकदा ठसा कोरला, साचा केला, की त्यातून शिशाचे हवे तेवढे खिळे ओतता येतात आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. आजच्या भाषेत सांगायचं तर शिळाछाप म्हणजे पोस्टर इमेज म्हणून सेव्ह करणं, आणि खिळे म्हणजे फॉन्ट.

हे खिळे सुबक करण्याचं मोठं श्रेय जावजी दादाजी यांना जातं. लहानपणी ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायच्या कामाला लागले. तिथे थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली देवनागरी टाइप सुधारण्याचं काम चालू होतं, ते त्यांनी जवळून पाहिलं. पुढे १८६० च्या दशकात जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि त्यातून निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्यांच्यासाठी ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. निर्णयसागरची संस्कृत आणि मराठी पुस्तकं आजही हातात घेतली तर अक्षराचा तोल बघत राहावा असा आहे. खिळे घासणारा मुलगा पुढे देशभर नावाजलेल्या टाइपचा मालक झाला, ही गोष्ट शाळेत सांगायला हवी, असं मला वाटतं.

आता अडचण बघा. इंग्रजीत लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, शिवाय आकडे आणि चिन्हं. देवनागरीत स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वर मात्रा, खाली उकार, त्यावर रफार, त्यावर अनुस्वार. खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. जुळाऱ्यासमोर भल्यामोठ्या केसा मांडलेल्या असायच्या आणि त्यातून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. वेळ जास्त, भांडवल जास्त, आणि प्रूफात चुकाही जास्त.

मग एक विचार पुढे आला, आणि तो पुढची शंभर वर्षं टिकला: यंत्र बदलत नसेल तर लिपी बदला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्यावर बराच विचार आणि खटपट केली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी मांडली, म्हणजे इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं ठेवण्याऐवजी 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावायचे. आणि १९५३ मध्ये लखनौला लिपी सुधारणेची परिषद झाली, तिथे तर ठरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे नको, उजवीकडे द्यावी. कारण यंत्राला ती आधी लावणं अवघड जातं. लोकांनी ते काही स्वीकारलं नाही. ही वेलांटी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

तिकडे टाइपरायटर आला. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि मराठी टाइपरायटर कचेऱ्यांत दिसू लागले. टाइपरायटरला चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हं. म्हणजे सगळी देवनागरी साधारण नव्वद तुकड्यांत बसवायची. मग युक्ती अशी केली की अर्धा 'ग' एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही दाबले की पूर्ण 'ग'. हीच युक्ती पुढे कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी आली आणि तिथे तिने मोठा गोंधळ घातला.

पण त्याआधी हाताबद्दल बोलायला हवं. छापखान्यात वळणांची निवड फारशी नव्हती, म्हणून जाहिरात, नाटकाची जाहिरात, मासिकाचं शीर्षक, सिनेमाचं टायटल हे सगळं हाताने काढलं जायचं. कमल शेडगे हे यातलं मोठं नाव. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत नुसत्या नावाच्या अक्षरांवरून नाटक गंभीर आहे की फार्स, ते कळायचं. शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांच्या पिढीकडे मराठी फॉन्टचा खजिना नव्हता, होता तो कागद, ब्रश, पेन आणि हजारो तासांचा सराव. नवशिक्याने त्यांची अक्षरं जरूर बघावीत. 'आशयाला शोभणारं वळण' म्हणजे काय, ते दहा ट्यूटोरियलपेक्षा तिथे लवकर कळतं.

आता कॉम्प्युटर. इथे दोन वाटा एकाच वेळी निघाल्या.

पहिली वाट प्रमाणीकरणाची. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्रज्ञान तयार झालं आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं आणि पडद्यावर भारतीय लिपी दिसायची. त्यातूनच 'इस्की' ही संकेतप्रणाली पक्की झाली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. इस्कीचा विचार फार सुंदर होता: चिन्हाचा तुकडा साठवू नका, अक्षर साठवा. 'क' म्हणजे 'क', तो पडद्यावर अर्धा दिसायचा की पूर्ण, ते दाखवणाऱ्याने ठरवावं. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली.

दुसरी वाट बाजाराची. पेजमेकर आणि कोरलड्रॉ आले आणि गल्लोगल्ली डीटीपी सुरू झालं. पण ही सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी बनलेली. त्यांना जोडाक्षर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग इथल्या कंपन्यांनी टाइपरायटरचीच युक्ती वापरली. इंग्रजी फॉन्टमध्ये २५६ जागा असतात, त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी अक्षर आहे, आपल्याला दिसतो अर्धा 'ग'. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, शिवाजी, असे कितीतरी फॉन्ट या पद्धतीचे. त्यांनी मराठी छपाई स्वस्त केली, हजारो लोकांना रोजगार दिला, हे आधी मान्य करायला हवं. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं त्यावर चाललं.

पण किंमत काय मोजली? प्रत्येक कंपनीने तुकडे वेगवेगळ्या जागी बसवले. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता कचरा. शोध घेता येत नाही, कारण फाइलमध्ये मराठी नाहीच, तुकड्यांचे आकडे आहेत. पॅकेज महाग, सोबत बऱ्याचदा हार्डवेअर लॉक, म्हणजे एका कॉम्प्युटरवर घेतलेलं दुसऱ्यावर चालणार नाही. शिकणाऱ्या पोराने पैसे कुठून आणायचे? पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा, त्याच्याकडे जुन्या सीड्यांचा गठ्ठा असेल. त्यातल्या फाइल उघडायला तोच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर आणि बहुधा तोच जुना कॉम्प्युटर लागतो. नव्वदच्या दशकातलं कितीतरी मराठी लेखन छापील प्रतीत जिवंत आहे, पण त्याची मूळ फाइल कामाची राहिलेली नाही.

ही कोंडी फोडली ती युनिकोड आणि ओपनटाइप या जोडीने. युनिकोडने ठरवलं काय साठवायचं, आणि ओपनटाइप फॉन्टने ठरवलं कसं दाखवायचं. फॉन्टच्या आत नियम लिहिलेले असतात: अमुक व्यंजन, मग हलन्त, मग तमुक व्यंजन आलं तर हे जोडाक्षर दाखव. २००० मध्ये विंडोज २००० आलं, त्यात देवनागरीसाठी 'मंगल' फॉन्ट होता. तो काढला होता र. कृ. जोशी यांनी. जोशी सर म्हणजे सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधले शिक्षक. २००८ मध्ये ते गेले. तुमच्यापैकी अनेकांनी कॉम्प्युटरवर आयुष्यातलं पहिलं मराठी अक्षर पाहिलं ते त्यांच्या हातचं, आणि नाव मात्र माहीत नाही.

आता ती वेलांटी आठवा. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' जातो, मग वेलांटी. म्हणजे आतल्या क्रमात वेलांटी अक्षरानंतरच आहे, लखनौच्या परिषदेला हवी होती तशी. पण पडद्यावर ती डावीकडेच दिसते, आपला हात लिहितो तशी. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून ती उचलून डावीकडे नेऊन ठेवतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला वळणाचा क्षण हा आहे. दीडशे वर्षं लिपीने यंत्रापुढे वाकायचं असं चाललं होतं. इथे पहिल्यांदा यंत्र लिपीपुढे वाकलं.

तरीही छापील डिझाइनपर्यंत हे पोचायला वेळ लागला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला हे काही कळत नव्हतं. इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांचा नीट आधार आला तो २०१२ च्या सीएस६ मध्ये. त्या मधल्या काळात वेब पुढे गेलं. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, 'मनोगत' २००४ मध्ये, दोन्ही युनिकोडमध्ये. त्याच वेळी कितीतरी वर्तमानपत्रांच्या साइट्सवर 'वाचण्यासाठी आधी फॉन्ट उतरवा' अशी सूचना असायची. ज्याने उतरवला नाही त्याच्यासाठी ती बातमी नव्हतीच.

मग गूगल फॉन्ट्स २०१० मध्ये आलं, आणि २०१४ च्या सुमारास त्यावर चांगले देवनागरी फॉन्ट येऊ लागले. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्त, पुढे बलू, मोदक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स. पॉपिन्सची देवनागरी निनाद काळे यांची. यात्रा वन हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. गूगलवरच्या या फॉन्टचा परवाना असा की शिकायला वापरा, धंद्याला वापरा, वेबसाइटमध्ये घाला, पैसे नाहीत. फक्त नुसता फॉन्ट उचलून विकायचा नाही. जावजींच्या काळी छापखाना काढायला लागणारं भांडवल आठवा आणि मग याचा विचार करा.

तर मग आता सगळं सुटलं का? नाही. यंत्र वाकायला तयार आहे, पण त्याला सांगावं लागतं की भाषा मराठी आहे. आणि ते सांगायचं काम आपलं.

एक उदाहरण घेऊ. 'ल' दोन तऱ्हेने लिहितात. हिंदी वळणात त्याला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी वळणात दोन पाकळ्या. 'श'चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि २०२२ मध्ये पुन्हा, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' वापरा असं सांगितलं. पण युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक एकच आहे, वळण फॉन्टमध्ये असतं. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात, पण आपोआप दिसतं ते बहुधा हिंदी. मराठी वळण हवं असेल तर वेबपेजच्या एचटीएमएलमध्ये 'लँग' या खुणेत 'एमआर' लिहावं लागतं. दोन अक्षरांचं काम! पण मराठी साइट्स उघडून बघा, किती ठिकाणी तिथे 'ईएन' तसंच पडून असतं. मग दोष फॉन्टला दिला जातो.

असंच 'ॲ'चं. 'ॲप' आणि 'ॲड'मधल्या या अक्षराला स्वतःचा युनिकोड क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधी लोक हिंदीतला 'ऍ' वापरायचे, किंवा 'अ'वर चंद्र जोडायचे. आणि ऱ्हस्व, वऱ्हाड, दऱ्या यातला तो पापणीसारखा अर्धा 'र'. तो हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या कामात तो हमखास विसरला जातो. 'सूर्या' आणि 'सुऱ्या' यात फरक काय, ते मराठी माणसाला सांगायला नको.

तर आता, कबूल केल्याप्रमाणे, यादी.

एक, चित्र आणि मांडणीसाठी फिग्माचा फुकट प्लॅन किंवा इंकस्केप. यातलं एक पुरेसं आहे, दोन्हींच्या मागे लागू नका.

दोन, टायपिंग. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. तो १९८६ पासूनचा प्रमाण आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीच बसवलेला असतो, आणि त्यात 'ऱ्', 'ळ' शोधत बसावं लागत नाही.

तीन, तीन-चारच फॉन्ट. मजकुरासाठी मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, शीर्षकासाठी बलू किंवा दुसरा एखादा ठळक. फॉन्टमध्ये देवनागरी खरंच आहे ना, ते आधी तपासा. नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं, तुमच्या पडद्यावर एक दिसतं आणि ग्राहकाच्या फोनवर दुसरंच.

चार, एक चाचणीची ओळ. माझी अशी आहे: 'वऱ्हाडातल्या दऱ्या, हृदय, शृंगार, राष्ट्र, पद्म, सर्वांशी, ॲप, शाळेतला लाल फळा.' नवा फॉन्ट आला की आधी ही ओळ टाकायची. काही तुटलं, कापलं गेलं, की लगेच दिसतं.

पाच, तीन सवयी. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि ठळक वजन फॉन्टमध्ये नसेल तर ठळक करू नका, ब्राउजर नुसती अक्षरं जाड करतो आणि 'ध'चं पोट बुजतं.

सहा, बघायला आणि वाचायला. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ चा ग्रंथ ग्रंथालयात मिळाला तर सोडू नका. निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक रद्दीत दिसलं तर घ्या. आणि आपल्या गावातल्या जुन्या दुकानांच्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा. त्या झपाट्याने फ्लेक्सखाली जातायत, आणि तिथे असं वळण सापडतं जे अजून कुठल्याच फॉन्टमध्ये नाही.

ही सगळी यादी मिळून खर्च शून्य रुपये, पुस्तकं सोडून. पुढच्या भागात यातलाच एक फॉन्ट उघडून त्याच्या आतले नियम प्रत्यक्ष बघू. तोपर्यंत एवढं करा: तुमच्या कॉलेजची, ग्रामपंचायतीची किंवा आवडत्या मासिकाची साइट उघडा, तिच्या कोडमध्ये भाषा काय लिहिली आहे ते बघा, आणि 'ल' कसा दिसतो ते आम्हाला कळवा. भेटू.